तळहाताएवढी जागा

आमच्या गाडीला रंग मी देते. वस्तीतल्या लहानथोरांना हे माहीत आहे. ऊस संपतो, कारखान्याचा भोंगा थांबतो, नाताळ आणि वादळं दोन्ही येऊन जातात, आणि मग मी ओढणी कमरेला बांधून ब्रश हातात घेते. माझा नवरा रघुबर होता तेव्हाही मीच द्यायचे. तो चालवायचा आणि मी रंगवायचे. बॉनेट लाल, दारं पिवळी, चाकांचे नट पांढरे, एकेक नट वेगळा पुसून. लंबासाच्या साखर कारखान्यासमोर शंभर लॉऱ्यांची रांग असू दे, लोक लांबूनच म्हणतात, ती सुखराजी माईची गाडी. माझं नाव दारावर लिहिलेलं नाही. गरज पडली नाही कधी.

त्या वर्षी मार्चमध्ये नदी शेतात शिरली आणि गाडी दोन दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात उभी राहिली. पाणी उतरल्यावर बिमलेशनं, म्हणजे माझ्या एकुलत्या एक मुलानं, इंजिनात पाणी गेलंय का ते न बघता किल्ली मारली. आतून लोखंड मोडल्याचा आवाज आला आणि इंजिनाच्या कुशीतून एक दांडा बाहेर डोकावला. बिमलेश खाली उतरून त्या भोकाकडं बघत राहिला. मी त्याला म्हटलं, बघतोस काय, तुझ्याच हातचं आहे.

दुसरं इंजिन आणलं ते सुनेच्या भावानं.

सून वल्ली. मद्राशांची पोर, बिमलेशनं स्वतः पसंत केलेली. तिचा बाप शहरात बसस्टँडमागं गाड्यांची वायरिंग करायचा आणि आई लवकर गेल्यामुळं ही पोर दुकानातच वाढली. लग्न होऊन घरात आली त्या दिवशी मी तिचे हात हातात घेतले, तर नखांत ग्रीस. लग्नाच्या मेंदीखाली ग्रीस. मी तेव्हाच सांगितलं की या हातांनी माझ्या चुलीला शिवायचं नाही. व्हरांड्यात तिला वेगळा रॉकेलचा स्टोव्ह मांडून दिला. सहा वर्षं ती तिथंच बसून स्वतःचा आणि नवऱ्याचा भात रांधत होती. पावसाची झड आली की स्टोव्ह विझायचा आणि ती पुन्हा पेटवायची. मी आतून बघायचे. तिनं कधी आत येऊ का असं विचारलं नाही, आणि मीही बोलावलं नाही.

तिचा भाऊ अरमुगम बापाचंच काम करायचा. त्यानं मोठ्या बेटावरच्या बा गावाकडच्या एका अपघाताच्या लॉरीचं इंजिन बघून ठेवलं होतं. बोटीवर घालून त्यानं ते आमच्या बेटावर आणलं आणि म्हणाला की हात मी लावतो, मजुरी नको, वल्लीचं घर आहे. वल्लीचं घर हे शब्द माझ्या कानाला टोचले. मी अंगणातच, सगळ्यांसमोर त्याला सांगितलं.

"इंजिन चाललं तर तुझी बहीण माझ्या चुलीवर भात रांधेल. नाही चाललं तर तुझे पाने पेटीत भरशील, तेव्हा तिलाही घेऊन जा."

बिमलेश खाली बघू लागला. वल्ली तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपात थांबला. अरमुगम सावकाश बोलणारा माणूस. तो एवढंच म्हणाला, "चालेल, माई."

अंगणातल्या नीरफणसाच्या जाड फांदीला चेनकप्पी बांधून जुनं इंजिन वर ओढलं. ऊसतोड टोळीतला इसोआ होता मदतीला. तो नदीपलीकडच्या कोरोतला, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या गावातला, ऊस तोडायला दरवर्षी आमच्याकडं येणारा, बैलासारखा गडी. इंजिन बाजूला झालं आणि गाडीचं पोट उघडं पडलं. तीस वर्षांत मी ते रिकामं पाहिलं नव्हतं. आत नुसता गंज, चिखल आणि कुठल्या तरी उंदराचं घरटं. मला लाज वाटली. बाहेरून नटापर्यंत रंगवलेली गाडी आणि आत हे. मी मोडका कोयता घेतला आणि घासायला बसले.

अरमुगम त्या दिवशी निघायच्या घाईत होता. गाळपाआधी त्यांच्या मारीअम्माच्या देवळात आगीवरून चालायचं असतं, त्यासाठी दहा दिवस देवळातच राहायचं, एकवेळ जेवायचं, जमिनीवर झोपायचं. जाण्याआधी तो माझ्याजवळ आला. खिशातला खडू काढून चासीच्या डाव्या पट्टीवर त्यानं एक चौकोन काढला.

"माई, एवढ्या जागेला रंग नको. तळहाताएवढी कोरी ठेवा. इंजिनाची अर्थिंगची पट्टी इथं बसते. बॅटरीतून इंजिनात गेलेला करंट इथूनच परत येतो. मध्ये रंग आला की त्याची वाट बंद."

मी मान हलवली. बरं म्हटलं नाही. मान हलवली तेवढंच.

पुढचे चार दिवस मी गाडीच्या पोटात वाकून होते. घासलं, रॉकेलनं पुसलं, रेडऑक्साइडचे दोन हात दिले, ते सुकल्यावर वर लाल ऑइलपेंट. कंबर धरली, उजव्या खांद्यात कळ बसली, पण आतला भाग असा झाला की इसोआ म्हणाला, माई, इंजिन परत नका ठेवू, मी इथं बिछाना घालतो. फक्त तो चौकोन राहिला होता. चारी बाजूंनी लाल आणि मध्ये खडूच्या रेघेत गंजाची खपली. ज्या बाजूनं बघावं तिकडून नजर तिथंच जायची. माझ्या नवऱ्याच्या गाडीवर, माझ्या हातच्या कामात, हा कालचा पोरगा खूण करून जातो. मी एक ब्रश मारला. मग दुसराही मारला. खडू रंगाखाली विरघळला, दिसेनासा झाला.

ऊसतोड टोळीच्या सरदाराचे निरोप येऊ लागले की टोळीची गाडी तयार आहे का. आमच्याकडं पहिल्या दिवशी टोळीची पहिली खेप जी गाडी नेते, ती हंगामभर टोळीची गाडी. जुम्मन सरदार भला माणूस, पण त्याच्याही मागं वीस शेतकरी. तेव्हा अरमुगमची वाट न बघता बिमलेश आणि इसोआनं नवं इंजिन कप्पीनं खाली सोडलं. बोल्ट कुठला कुठं, ते अरमुगमनं कागदावर काढून दिलं होतं. अर्थिंगची पट्टी हातात घेऊन बिमलेश चासीजवळ वाकला आणि थांबला.

"माई, त्यानं इथं..."

"बोल्ट आवळ," मी म्हटलं.

त्यानं आवळला.

आगीच्या दिवशी सगळी वस्ती देवळाकडं गेली. मी गेले नाही. वल्ली पिवळी साडी नेसून गेली. संध्याकाळी इसोआ परत येताना माझ्या दारात थांबून सांगत होता की अरमुगम दोनदा निखाऱ्यांवरून गेला, सावकाश, बाजारात भाजी बघत चालावं तसा, आणि नंतर दुधाच्या खड्ड्यातून बाहेर आला तेव्हा पायाला काळा डागसुद्धा नाही. इसोआ चर्चला जाणारा माणूस, पण तोही दबकल्या आवाजात बोलत होता. मी म्हटलं, गाडी सुरू करून दाखवू दे, मग मानते.

दुसऱ्या दिवशी अरमुगम आला. मनगटाला हळदीचा दोरा होता अजून. राहिलेल्या वायरी जोडल्या, डिझेलच्या नळ्या जोडल्या, हवा काढली. वल्ली व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. बिमलेशनं किल्ली फिरवली.

टक्.

बस, तेवढंच. पुन्हा फिरवली. टक्. दिवे लावून बघितले तर किल्ली फिरवताच दिवे मंद होऊन पिवळे पडायचे. अरमुगम म्हणाला, बॅटऱ्या जुन्या आहेत. शेजारच्या परभूच्या गाडीच्या बॅटऱ्या आणून लावल्या. टक्. मग तो गाडीखाली गेला, सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, काढून बाहेर आणला, जमिनीवर ठेवून पायानं दाबून धरला आणि जंपरच्या वायरी लावल्या. सेल्फ असा फिरला की त्याच्या चपलेखालून निसटून मातीत वळवळायला लागला. पुन्हा गाडीत बसवला. टक्. तीन दिवस हेच. बाहेर फिरतो, आत फिरत नाही. तीन वेळा सेल्फ काढला, तीन वेळा बसवला. त्याच्या कोपरांची सालं निघाली, पाठीला आमच्या अंगणातली माती चिकटून वाळली. मी चहा पाठवला नाही. वल्ली स्टोव्हवर करून द्यायची, तर तो गाडीखालूनच हात बाहेर काढून पेला घ्यायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो बाहेर आला, हात पुसले आणि मेव्हण्याला विचारलं.

"बिमलेश, अर्थिंगची पट्टी बसवताना खालची जागा कोरी होती ना? लोखंडाला लोखंड लागलंय ना?"

मी तिथंच वाटाणे सोलत बसले होते. बिमलेशनं माझ्याकडं बघितलं. मी शेंग मोडली.

"हो," बिमलेश म्हणाला.

अरमुगमनं त्या पट्टीच्या बोल्टवर बोट ठेवलं, घट्ट आहे का बघितलं. घट्ट होता. बहिणीच्या नवऱ्याचा शब्द होता, तो खोलून बघणं म्हणजे त्याच्या घरात, त्याच्या आईसमोर त्याला खोटं पाडणं. तसली माणसं नव्हेत ती. बोट काढलं आणि तो दुसरीकडं शोधायला लागला.

मी म्हणेन की तेव्हा मला खरंच वाटत होतं, एवढासा रंग काय करणार. बशीतल्या मलईएवढा जाड नाही. पण झोपेत मला तो चौकोन दिसायचा.

पहिल्या खेपेचा दिवस उजाडला. टोळीनं माझ्याच शेतातला ऊस तोडून गाडी भरली, मी बंपरवर नारळ फोडला, कुंकू लावलं, आणि बिमलेशनं किल्ली फिरवली तर टक्. जुम्मन सरदार दाढी खाजवत म्हणाला, ढकलू या. अठरा माणसं लागली. उताराला गाडी पळाली, बिमलेशनं गिअर टाकून क्लच सोडला आणि इंजिन लागलं. काय आवाज होता त्या इंजिनाचा, मला खोटं बोलायचं नाही, गोड आवाज होता. इसोआ घाम पुसत ओरडला की माई, रंगाचा खर्च कमी करून आम्हाला टिनची मच्छी जास्त वाढा, मग रोज कारखान्यापर्यंत ढकलत नेतो. सगळे हसले. मीही साडी सावरून पुढच्या सीटवर चढले. पहिल्या खेपेला मी पुढं बसते, हीही रीत आमचीच.

रांगेत तीन तास गेले. आजूबाजूच्या लॉऱ्यांची इंजिनं बंद, आमचंच एक घुरघुरत होतं. शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून सारखा बघत होता. मी बिमलेशला म्हटलं, बंद कर, सगळ्यांच्या बंद आहेत. तो म्हणाला, माई, पुन्हा लागायचं नाही. मी म्हटलं, गरम इंजिन आहे, लागेल, भिकाऱ्यासारखं घुरघुरत बसू नको. त्यानं बंद केलं.

रांग हलली. टक्. मागून एकानं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं, मग मागं नदीपर्यंत सगळ्यांनी. भरलेली लॉरी, ढकलायची कुणी. शेजारचा ड्रायव्हर खिडकीतून कोपर काढून म्हणाला, "माई, रंग अजून ओला दिसतोय. गाडी चिकटून बसली."

मी समोर बघत राहिले. शेवटी एक ट्रॅक्टर आला आणि आमच्या बंपरला, कुंकवाच्या बरोबर वर, साखळी घालून आम्हाला काट्यावर ओढत नेलं. साखळीनं रंग खरवडला त्याचा आवाज मला सीटवर बसून ऐकू येत होता. रांगेतली शंभर माणसं बघत होती. रघुबर गेल्यापासून अकरा वर्षांत मी कुणासमोर मान खाली घातली नव्हती.

रिकामी गाडी कारखान्याच्या दारातून ढकलून सुरू केली आणि घरी आणली. मागोमाग जुम्मन सरदार आणि अर्धी टोळी आली, यंगोना, ते मुळांचं गढूळ पेय, प्यायला बसावं तशी अंगणात गोल बसली. सरदारानं फार शब्द वापरले नाहीत. उद्या सकाळी सहाला गाडी किल्लीवर लागली तर हंगाम तुमचा, नाही तर परभूची गाडी. अरमुगम शहरातलं काम सोडून आला होता. तो बॉनेट उघडून आत वाकला आणि बिमलेशला म्हणाला, मार किल्ली, मारतच राहा.

टक्. टक्. टक्. अरमुगमचा उजवा हात आत होता, काहीतरी चाचपत होता. मग तो एकदम मागं झाला आणि तळहात छातीशी धरला. ओरडला नाही. कातडं जळल्याचा वास मात्र माझ्यापर्यंत आला. एक्सिलेटरची तार, पायाखालून इंजिनाकडं जाते ती, लाल झाली होती आणि ती त्याच्या तळहातावर आडवी उठली होती.

वल्ली धावत आली. तो मात्र हाताकडं बघतच नव्हता. तो त्या तारेकडं बघत होता आणि त्याचा चेहरा उजळला होता, मी तो कधी विसरणार नाही.

"अर्थिंग नाही," तो म्हणाला. "सरदार, मिळालं. करंटला परत यायला वाट नाही, म्हणून तो या तारेतून येतोय. पट्टी खोल, बिमलेश. सतराचा पाना घे."

बिमलेश जागचा हलला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं.

आता मला कळलं होतं. माझ्यासारख्या बाईला दोनदा सांगावं लागत नाही. ती पट्टी या सगळ्यांच्या देखत निघाली असती तर खाली माझा लाल रंग निघाला असता, आणि जुम्मन सरदारानं विचारलं असतं की इथं रंग कुणी दिला, आणि अरमुगम बोलला असता की मी खडूनं खूण केली होती. शंभर माणसांसमोर ओढलं गेल्यावर, त्याच दिवशी, माझ्याच अंगणात.

"हात लावू नको," मी म्हटलं. "पुष्कळ हात लावलेस. चांगलं इंजिन म्हणून आणलंस आणि सेल्फ कुठला घातलास? बाहेर फिरणारा एक आणि आत बसवायचा एक, दोन आहेत तुझ्याकडं. पेटी उघड."

"माई," जुम्मन सरदार म्हणाला.

"माझं अंगण आहे, सरदार."

अरमुगमला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो म्हणाला, "माई, पट्टी खोला. एवढंच करा. मग चोर म्हणा."

"पेटी."

त्यानं डाव्या हातानं पेटीची कडी काढली. मी त्याला एकेक वस्तू बाहेर ठेवायला लावली. पाने, कानस, पकड, चिकटपट्टी, जुन्या वायरींची गुंडाळी, बापाच्या वेळचा टेस्ट-लॅम्प. टोळी बघत होती. सेल्फ नव्हता, तो नसणारच हे मला माहीत होतं. तळाशी केळीच्या पानात बांधलेली पुडी होती. मी म्हटलं, तीही सोड. त्यात देवळातली राख होती, मारीअम्माच्या खड्ड्यातली. ती सोडताना त्याचा भाजलेला हात लागला आणि पानाला कातडं चिकटलं.

तेव्हा माझ्या तोंडून ते गेलं. गेलं म्हणते, पण मी ते शब्द निवडले होते.

"बघा सरदार. देवीनं आगीत याचे पाय सोडले आणि इथं हात धरला. कुठल्या माणसाचे हात धरतात, ते तिला माहीत."

इसोआ उठला आणि फाटकाबाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला. अरमुगम डाव्या हातानं पाने गोळा करायला लागला. वल्ली त्याच्याशेजारी मातीत बसली आणि तिनं एकेक पाना उचलून पेटीत लावला, लहानाच्या शेजारी मोठा, नंबरानं, जशी बापाच्या दुकानात लावत असेल. बिमलेश ड्रायव्हरच्या सीटवर बसून होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू गाडी चालूच आहे. अरमुगम पेटी डाव्या खांद्यावर घेऊन उसाच्या गाडीवाटेनं चालत गेला. वल्ली त्याच्यासोबत निघून जाईल असं मला वाटलं होतं, पण ती फाटकापर्यंत जाऊन परत आली.

सकाळी उजाडताना मी नळावर गेले तेव्हा गाडीखालून खरवडल्याचा आवाज येत होता. माझा मोडका कोयता. वाकून बघितलं तर वल्ली पाठीवर पडली होती, पट्टी खोलून बाजूला ठेवली होती आणि चासी खरवडत होती. लाल कपचे तिच्या केसांत, भुवयांवर, ओठांवर पडत होते. तिनं मला बघितलं. खरवडायची थांबली नाही. मग तिनं पदराच्या टोकानं ती जागा पुसली, लोखंड पांढरं चमकत होतं, पट्टी बसवली, सतराच्या पान्यानं बोल्ट आवळला आणि बाहेर येऊन सीटवर चढली. सहा वर्षांत ती त्या सीटवर बसली नव्हती.

किल्ली अर्धी फिरली नसेल, इंजिन लागलं.

बिमलेश उघड्या अंगानं बाहेर पळत आला. फाटकात जुम्मन सरदार सायकलवरून उतरत होता, मागं इसोआ आणि आणखी दोघं. सरदार हसला, अल्लाचं नाव घेतलं आणि विचारलं, "काय होतं शेवटी?"

वल्ली खाली उतरली. हातात कोयता होता, पात्याला रंग लागलेला. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. बिमलेश पुढच्या टायरला लाथ मारून हवा बघत होता. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

मी सांगू शकले असते. इंजिन चालू होतं, हंगाम मिळाला होता, सगळे खुशीत होते. तेव्हा सांगितलं असतं तर हसण्यावारीही गेलं असतं.

"बोल्ट सैल होता," मी म्हटलं. "हिच्या भावानं सैल ठेवला होता."

वल्लीनं कोयता माझ्या पायाशी ठेवला, पातं माझ्याकडं करून नव्हे, मूठ माझ्याकडं करून, जसा मोठ्यांना देतात. नळावर जाऊन केसांतला रंग धुतला. मला म्हणाली, "माई, इंजिन चाललं. चूल तुमचीच ठेवा." आत जाऊन तिनं काही भरलं नाही. सतराचा पाना मात्र पदरात गुंडाळून घेतला, भावाचा होता, रात्री पेटी भरताना तिनं तो मागं ठेवला होता. चालू गाडीसमोरून ती गेली. बिमलेशला वाटेतून थोडं सरकावं लागलं, तेवढा तो सरकला.

हंगाम आम्हाला मिळाला. इंजिन आजही चालतं, पहिल्या किल्लीला. बिमलेश माझ्या हातचं जेवत नाही, व्हरांड्यातल्या स्टोव्हवर कसाव्याचे कंद उकडून खातो आणि पाऊस आला की विझलेला स्टोव्ह पुन्हा पेटवतो. दोनदा शहरात जाऊन आला तिला आणायला, आणि दोनदा एकटा आला. काय झालं ते मला सांगत नाही. इसोआ सांगतो, त्याला सगळीकडचं कळतं. अरमुगमची दोन बोटं सरळ होत नाहीत. आणि माझ्या अंगणातलं बोलणं देवळापर्यंत गेलं. पुढच्या वर्षी व्रताला बसायला गेला, तर पुजाऱ्यानं त्याचा तळहात उलटा करून बघितला आणि त्याला मांडवाबाहेर थांबायला सांगितलं. तो बाहेर थांबला. वल्ली त्याच्या शेजारी उभी होती. हे सांगताना इसोआ माझ्याकडं बघत नव्हता, मातीत रेघा मारत होता. मी त्याला म्हटलं, कसावा घेऊन जा घरी, खूप झालाय यंदा.

गाडीला रंग अजून मीच देते. बॉनेट लाल, दारं पिवळी, नट पांढरे. बॉनेट उघडून आतही देते. डाव्या पट्टीपाशी आले की बोल्ट ढिला करून पट्टी बाजूला करते, काचकागदानं ती जागा घासते, गंज धरू नये म्हणून बोटानं ग्रीस लावते आणि पट्टी परत आवळते. भोवतीनं ब्रश फिरवते, जपून, आत थेंब जाऊ देत नाही. ते ग्रीस नखांत बसतं, राखेनं घासलं तरी चार दिवस निघत नाही. त्याच हातांनी मी चुलीवर भात ठेवते.

यंदा इसोआ बॉनेटपाशी येऊन उभा राहिला. वाकून आत बघितलं. मग म्हणाला, "माई, तेवढी जागा राहिली तुमची."

"रंग संपला," मी म्हटलं.

डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता, झाकण उघडं, काठापर्यंत भरलेला.